बाबांची सगळी गाणी एका कार्डावर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्यासाठी गाण्यांचा छोटा प्लेअर घ्यायचं म्हटलं, तर "मोबाईल असताना आणखी एक डबा कशाला?" हे तुम्ही परवा विचारलंत, त्याचं उत्तर फोनवर धड देता आलं नाही. म्हणून लिहिते.

मोबाईलवर विलंबित रंगात आलेलं असतं आणि कुणाचा तरी फोन येतो. नेट गेलं की ॲपही गप्प. आणि तुमचा संग्रह ॲपवर मिळणार कुठून? मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेल्या वचनांच्या, म्हणजे कन्नड भक्तिपदांच्या कॅसेटी, हुतात्मा स्मृती मंदिरात तुम्ही स्वतः टेप केलेल्या मैफली. आपले सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार, म्हणून ती वचनं सोलापुरात ऐकायचीच, असं तुम्हीच म्हणायचात. तुम्ही हे सगळं जन्मभर जमवलंत. ते तुमच्या हातात, तुमच्याच क्रमाने राहायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या हार्ड डिस्कवर आज 200 जीबीच्या आसपास गाणी आहेत. सीडीचा एक तास फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता लहान केलेल्या फाईलमध्ये, साधारण 300 ते 350 एमबी घेतो, थोडं गाळणाऱ्या 320 केबीपीएसच्या एमपी3मध्ये 144 एमबी. म्हणजे 512 जीबीच्या मायक्रोएसडी कार्डावर सगळं फ्लॅकमध्ये ठेवूनही निम्म्याहून जास्त जागा उरते. पूर्वी असता तर मी 160 जीबीचा आयपॉड क्लासिक सुचवला असता, पण तो 2014 मध्येच बंद झाला. आता जुना घ्यायचा तर आतली फिरती डिस्क आणि बॅटरीही तितकीच म्हातारी. तो नकोच.

दुकानदार 24 बिट, 192 किलोहर्ट्झचं, म्हणजे सीडीहूनही बारीक नोंदीच्या आवाजाचं कौतुक सांगेल. सांगू दे. कॅसेटवर जे उतरलंच नाही ते कुठलाही प्लेअर काढून देणार नाही. त्यापेक्षा तो पैसा चांगल्या हेडफोनला घालू.

मी पाहते आहे त्या गोष्टी वेगळ्या. पहिली म्हणजे दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडता कामा नये. तुमच्या सीडींवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक आहेत, मध्ये क्षणभर शांतता आली तरी तुमच्या कपाळाला आठी पडेल. दुसरं, तुम्ही लावलेल्या फोल्डरांप्रमाणेच गाणी दिसली पाहिजेत. काही प्लेअर ठरावीक संख्येपुढची गाणी यादीत घेतच नाहीत. देवनागरी नावं नीट दिसायला हवीत, स्वस्तातल्या कित्येकांत नुसते चौकोन येतात. आणि आई, तुझ्यासाठी खरी बटणं हवीत. भाकरी थापताना पिठाच्या हाताने स्क्रीनवर बोट चालत नाही, बटण कोपरानेही दाबता येतं. ब्लूटूथ असलेलाच घेईन, म्हणजे स्पीकर फळीवर ठेवून तुझे अभंग चालू.

कार्ड मात्र बाबा, फुटपाथवरून किंवा फार स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. वर 1 टीबी छापलेलं असतं, आत त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही जागा नसते. नवी फाईल जुनीवर चढते आणि कळतही नाही. कार्ड मी इथूनच तपासून आणते. हार्ड डिस्क आहे तशीच कपाटात राहू द्या, प्लेअरमध्ये फक्त प्रत.

एप्रिल-मे मध्ये प्लेअर खिडकीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवायचा नाही. आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांत लिथियम बॅटरी लवकर खराब होते.

मी येईपर्यंत एक करा. फोल्डर रागांप्रमाणे हवेत की गायकांप्रमाणे, ते वहीत लिहून ठेवा. आई, तुझ्या भजनांचा फोल्डर वेगळा हवा का तेही सांग. आणि बाबा, ज्या कॅसेटी अजून उतरवायच्या राहिल्यात त्या बाजूला काढून ठेवा, या खेपेला त्याही घेऊन जाईन.

तुमची लेक