सेल बदलून ठोके सुधारत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत घरगुती ईसीजी आणि नाडी टिपणारी मनगटी घड्याळे घेऊ नका असे सांगणारा जो लेख आला आहे, त्याविषयी. लेखक डॉक्टर, मी निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या ज्ञानाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. पण ‘हल्ली घरोघरी हृदयतज्ज्ञ झालेत’ हा टोमणा वाचला आणि हातातला चहा निवला.

आमच्या घरात कोणी हृदयतज्ज्ञ झालेले नाही. बीपीचे मशीन मात्र आहे. सौ.चे वय ७१. मागच्या पावसाळ्यात आकड्यांच्या बाजूला हृदयाचे एक बारीक चिन्ह लुकलुकायला लागले. मेडिकलवाल्याला दाखवले. तो म्हणाला, “काका, सेल उतरलेत.” बदलले. चार दिवस चिन्ह आले नाही, म्हणजे त्याचेच खरे. पाचव्या दिवशी पुन्हा हजर. पुन्हा सेल. असे तीनदा झाले. काढलेले सेल मी भिंतीवरच्या घड्याळात घातले, ते आजही बिनबोभाट चालते आहे. माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. शेवटी मुलाने मशीनसोबतचे इंग्रजी पुस्तक काढून वाचले : चिन्हाचा अर्थ, मोजताना नाडी अनियमित लागली. (पुस्तकात मराठी सोडून बऱ्याच भाषा आहेत, तो वेगळा विषय.)

मग दवाखाना. ईसीजी नॉर्मल. तो कागद जेमतेम दहा सेकंदांचा असतो, हे मला नंतर कळले. चोवीस तास छातीला हॉल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारे छोटे यंत्र, लावला, तर त्या दिवशी धडधड नाहीच. पाहुणे आले की मूल कसे शहाण्यासारखे बसते, तसे. डॉक्टर म्हणाले, “आजी, वय झालंय, मनावर घेऊ नका.”

पुढे जावयांनी दोन्ही हातांची बोटे ठेवायची ती छोटी पट्टी आणून दिली. अर्ध्या मिनिटाचा ईसीजी मोबाइलवर उमटतो. एकादशीला पहाटे तीन वाजता सौ.ने मला हलवून उठवले, पट्टीवर बोटे ठेवली आणि नोंद मिळाली. ती घेऊन गेलो, तर डॉक्टरसाहेबांनी मोबाइलकडे न बघताच सांगितले, “असे आजार मोबाइलवर ठरत नसतात.” मान्य, ठरत नसतात. पण बघता तर येतात? झेरॉक्सच्या दुकानात कागदावर काढून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर सारून ठोक्याठोक्यातले अंतर मोजले. एकही अंतर दुसऱ्यासारखे नाही आणि ठोक्याआधी येणारी लहान लाट बेपत्ता. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळते, त्याची गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात. त्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट. इको, थायरॉइड, किडनी सगळे तपासून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली.

लेखात म्हटले आहे की घड्याळे उगाच घाबरवतात. घाबरवत असतील. अमेरिकेत ॲपलच्या घड्याळावर चार लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला, २०१९ साली प्रसिद्धही झाला. त्यात अनियमित नाडीचा इशारा मिळाला तो शंभरात एकालाही नाही, ०.५२ टक्क्यांना. इशाऱ्यानंतर ज्यांनी छातीला चिकटवायची ईसीजीची पट्टी लावून पाहिली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत हाच आजार सापडला. बाकीच्यांत त्या दिवसांत सापडला नाही, आमच्या हॉल्टरसारखा. शिवाय त्या मंडळींचे सरासरी वय ४१. आजार म्हाताऱ्यांचा आणि घड्याळे तरुणांच्या हातात! चिन्ह दिसले म्हणजे आजार आहेच असे नाही, हे मलाही कळते. हात हलला, एखादा जादा ठोका पडला, तरी ते दिसते. म्हणूनच तर कोणी जाणत्याने कागद बघायचा ना? आणि मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर नाडी बघायला एक पैसा लागत नाही, याला लेखात एक ओळही मिळू नये?

जागा नव्हती म्हणावे, तर त्याच पानावर खाली अर्धे पान घड्याळाचीच जाहिरात आहे, बिनव्याजी हप्त्यांसकट. वर ‘घेऊ नका’, खाली ‘आजच घ्या’. वाचकाने नेमके कुठले मनावर घ्यायचे?

जाता जाता आणखी एक. रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरे दोन आठवडे छापलेली नाहीत. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे गप्प बसायचे, असे नव्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून सौ.ची ती पाच मिनिटे कोड्यात जातात. आडवा सात अजून अडला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज