तारेतले इलेक्ट्रॉन धावत नाहीत, सरकतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर आलेला विजेवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, छपाईत काहीतरी राहून गेलं असेल. पण तेच वाक्य खाली चौकटीत जाड ठशात पुन्हा आहे: बटण दाबताच तारेतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावत दिव्यापर्यंत पोचतात, म्हणून दिवा लगेच लागतो. हे साफ चूक आहे, आणि मुलांच्या पानावर ते छापून आल्याचं मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटण्याचं कारण घरातलंच आहे. माझी नात नववीत शिकते. सहामाहीला तिला ‘शास्त्रीय कारणे लिहा’मध्ये हाच प्रश्न होता, दोन गुणांचा. तिने लिहिलं, ‘तारेत सगळीकडे इलेक्ट्रॉन आधीपासूनच असतात. बटण दाबल्यावर ते सगळे जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात. त्यांचा स्वतःचा सरकण्याचा वेग फार कमी असतो.’ उत्तरावर लाल शाईची फुली, बाजूला शून्य आणि खाली बाईंनी लिहिलेलं ‘योग्य’ उत्तर: इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने जातात. पोरीने शाळेत विचारलं तर बाई म्हणाल्या, सगळीकडे असंच दिलेलं असतं. मी तिची समजूत काढली होती की तुझं बरोबर आहे, मी सांगतो ना. काल सकाळी तिने आपला अंक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “आजोबा, पेपरातही बाईंसारखंच आहे.” मला तेव्हा तिच्याशी काय बोलावं ते सुचेना.

मी वीज मंडळात ३१ वर्षं लाइनवर काम केलं. खांबावर चढलो, तारा ओढल्या, पावसात जंपर (खांबावर दोन तारा जोडणारे तारेचे तुकडे) बांधले. पदवी नाही, आयटीआय आहे. पण आमच्या निदेशकांनी पहिल्याच वर्षी फळ्यावर एक गणित करून दाखवलं होतं, ते मी आजवर विसरलेलो नाही. तेच काल नातीला करायला बसवलं. आपल्या लेखकांनीही करून पाहावं, दहा मिनिटांचं काम आहे.

माझ्या जुन्या पिशवीतली एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, बरोबर एक मीटर कापली आणि वरचं प्लॅस्टिक सोललं. एवढ्या तारेत तांबं भरतं एक घनसेंटिमीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन आलं ९ ग्रॅम, म्हणजे हिशेबाला पक्कं. आता तांब्याचा अणू पाहा. केंद्रकात २९ प्रोटॉन, भोवती २९ इलेक्ट्रॉन, कवचांमध्ये २, ८, १८ आणि शेवटी १. हा शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकाला सैल बांधलेला असतो. तांब्याचे अणू घट्ट शेजारी शेजारी आले की तो कुठल्याच एका अणूचा राहत नाही, तारभर फिरायला मोकळा होतो. प्रत्येक अणूमागे असा एक धरला तर आमच्या त्या ९ ग्रॅम तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन होतात ८५ वर २१ शून्यं. एक अँपिअर धारा म्हणजे दर सेकंदाला ६२५ वर १६ शून्यं इतके इलेक्ट्रॉन तारेच्या एका छेदातून पुढे जाणं. भागाकार नातीनेच केला. उत्तर आलं १३,६००. म्हणजे ती मीटरभर तार एकदा रिकामी होऊन तिच्यात नवे इलेक्ट्रॉन यायला १३,६०० सेकंद लागतात. तीन तास ४६ मिनिटं ४० सेकंद!

एका मीटरला पावणेचार तास. बटणापासून दिव्यापर्यंत तार चार मीटर धरली तर इलेक्ट्रॉन पोचायला पंधरा तास. आणि हा हिशेब झाला बॅटरीच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेचा. घरात येते ती वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. त्या धारेत हाच इलेक्ट्रॉन जागच्या जागी हलतो, तोही मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. बटणाजवळचा इलेक्ट्रॉन दिव्यापर्यंत कधी जातच नाही.

मग दिवा लगेच का लागतो? शेतात पाइप पाण्याने भरलेला असेल तर मोटार चालू करताच दुसऱ्या टोकाला पाणी पडतं. विहिरीतलं पाणी तेवढ्यात तिथे पोचलेलं नसतं, पाइपातलं पुढे ढकललं जातं. तारही अशीच आधीपासून भरलेली असते. बटण दाबलं की विद्युत क्षेत्र तारेच्या कडेने प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पसरतं आणि दिव्याच्या आतले इलेक्ट्रॉन तिथल्या तिथे हलू लागतात. वेग आहे तो या क्षेत्राचा. लेखात नेमकी इथे गल्लत झाली आहे, आणि नातीच्या उत्तरात हेच, तिच्या भाषेत, बरोबर लिहिलेलं होतं.

कोणी म्हणेल, धातूतले इलेक्ट्रॉन वेगवान असतातच. असतात. तांब्यात ते सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटरने पळत असतात, पण सगळ्या दिशांना सारखेच, आणि बटण बंद असतानाही. त्यातून धारा होत नाही. शिवाय तो वेगही प्रकाशाच्या साधारण दोनशेव्या भागाइतकाच आहे.

लेखातलं सूर्यमालेसारखं अणूचं चित्र मी समजू शकतो. बोरने १९१३ मध्ये मांडलेलं ते प्रारूप कवचं मोजायला सोपं पडतं. पण ‘शेवटच्या कवचात जितके कमी इलेक्ट्रॉन तितका धातू चांगला वाहक’ हा नियम तरी कुठून आणला? सोडिअमच्या शेवटच्या कवचात एक, ॲल्युमिनिअमच्या तीन, तरी ॲल्युमिनिअम सोडिअमहून चांगला वाहक आहे. गावोगावी खांबांवरून ॲल्युमिनिअमच्याच तारा गेल्या आहेत, माझ्या हातांनी ओढलेल्या. हिरा आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट दोन्ही कार्बनच. ग्राफाइटमधून वीज जाते, हिऱ्यातून जात नाही. हिऱ्यात कार्बनच्या शेवटच्या कवचातले चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असतात, ग्राफाइटमध्ये चौथा मोकळा राहतो. अणू एकमेकांशी कसे जोडले जातात यावर सगळं अवलंबून असतं. मुलांना हे पेन्सिल, सेल आणि छोटा दिवा घेऊन दाखवता येतं.

आणखी एक. लेखात तांब्याला सगळीकडे ‘सुचालक’ म्हटलं आहे, ‘तांब्याचा परमाणू’ आहे आणि एके ठिकाणी चक्क ‘पाण्याचा अणू’ आहे. हिंदीतला मजकूर घाईने मराठीत आणला की असं होतं. हिंदीत ॲटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु म्हणतात. आपल्या शाळेत अणू आणि रेणू शिकवतात. पाण्याचा रेणू असतो, त्यात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू. कंडक्टरला आपण सुवाहक म्हणतो. एसटीत बसणाऱ्या पोरालाही कळतं की चालक गाडी चालवतो आणि वाहक तिकीट देतो. पुरवणीतला शब्द पाहून एखाद्या मुलाने परीक्षेत ‘पाण्याचा अणू’ लिहिलं, तर त्याचे गुण जातील, आणि तिथे शिक्षकांचं काही चुकणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी याच पानावर, याच चौकटीएवढ्या जागेत, जाड ठशातच दुरुस्ती छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको, तिथे मुलं पाहत नाहीत. एक मीटर तारेचं गणितही द्यावं, आकडे मी वर दिलेच आहेत. अंक आला की मी तो घेऊन शाळेत जाणार आहे. नातीची उत्तरपत्रिका आणि ती सोललेली तार कपाटात ठेवली आहे, तीही बरोबर नेईन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वायरमन, कराड (जि. सातारा)