पोट भरल्याचा निरोप उशिरा येतो

कोथरूड, पुणे
मंगळवार रात्र

मन्या,

"लग्न कसं झालं?" हा तुझा मेसेज बघितला, पण हे सगळं फोनवर टाइप करायचं म्हणजे बोटं मोडतील म्हणून सरळ पत्रच लिहितोय. परवा कर्वे रोडला मामेबहिणीचं लग्न झालं, तू नव्हतास ते बरंच, नाहीतर गावभर केलं असतंस. मुहूर्त साडेबाराचा आणि पानं वाढली पावणेदोनला, बुफे नाही, चक्क पंगत! वरणभात, मसालेभात, अळूचं फदफदं, आणि गरम जिलबी-मठ्ठा. पहिल्या दहा मिनिटांत सहा जिलब्या गेल्या आणि शप्पथ सांगतो पोट भरल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं, वर काका आग्रहाला, "अरे तरुण माणूस तू", झाल्या आठ. हात धुवून पार्किंगला येतोय तोवर असं काही भरून आलं की गाडीवर बसवेना, पट्टा दोन भोकं सैल केला तरी. पंधरा मिनिटांपूर्वी हे पोट कुठे झोपलं होतं?

तेच डोक्यात राहिलं म्हणून दोन रात्री वाचत बसलो. जठर ताणलं गेलं की व्हेगस नर्व्हवरून, म्हणजे पोट आणि मेंदू जोडणाऱ्या नसेवरून, मेंदूला कळतं, ते लगेचच. पण खरी "आता बास" वाली बातमी आतडं पाठवतं आणि त्यासाठी अन्न आधी जठरातून खाली उतरायला पाहिजे ना, तिथेच वेळ जातो. लहान आतड्याच्या सुरुवातीला काही पेशी असतात, तूप किंवा डाळ तिथे पोचली की त्या सीसीके नावाचं हॉर्मोन सोडतात. ते पित्ताशय पिळतं, जठराचं दार आवळून धरतं म्हणजे पुढचं अन्न हळूहळू सुटावं, आणि व्हेगसला सांगतं की पुरे. हे नीट वर यायला पंधरा-एक मिनिटं लागतात, तोवर मी आठव्या जिलबीवर. आतड्याच्या आणखी खालच्या टोकाकडून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही "पुरे" सांगणारी आणखी दोन हॉर्मोनं येतात, त्यातलं पीवायवाय तर तास-दीड तासाने कुठे जोरात असतं. म्हणूनच त्या दिवशी संध्याकाळचा चहासुद्धा नको झाला असणार.

भुकेचं हॉर्मोन वेगळंच, घ्रेलिन, ते जठरातून येतं आणि 1999 साली जपानी लोकांनी शोधलं. त्याला रोजची जेवायची वेळ ओळखीची होते म्हणे, वेळ झाली की आपोआप वर. माझं रोजचं जेवण साडेबाराचं, आणि भटजी त्याच वेळेला मंगलाष्टकं लांबवत होते!

सगळ्यात आवडलं ते उंदरांचं. 1973 मध्ये अमेरिकेत उंदरांना सीसीके टोचलं तर ते कमी खायला लागले, सगळे खूश. पुढे प्रत्येक जेवणाला देऊन बघितलं तर जेवण लहान झालं, पण पठ्ठे दिवसातून जास्त वेळा जेवायला लागले. हिशोब बरोब्बर पूर्ण. अगदी आपला चतुर्थीचा उपास बघ, दुपारी साबुदाणा, चारला केळं, सहाला वेफर्स.

आमच्या ऑफिसातला एकजण आठवड्याला एक इंजेक्शन घेतो ना, ते या जीएलपी-१ चीच नक्कल आहे. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, एक एन्झाइम त्याला तोडून टाकतं, आणि औषधातलं आठवडाभर पुरेल असं बनवलंय. या जातीचं पहिलं औषध 2005 चं, ते अमेरिकेतल्या हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलं! हा गृहस्थ आता अर्धा वडापाव कागदात गुंडाळून ठेवून देतो. वडापाव अर्धा ठेवणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला, मला जरा भीतीच वाटली.

काल रात्री मी प्रयोग केला. दोन पोळ्या, फ्लॉवरची भाजी, वरण, आणि घड्याळ समोर ठेवून थांबलो. अकराव्या मिनिटाला खरंच वाटलं की आता नको, काय खूश झालो सांगू! तेवढ्यात आई आतून आली, ताट बघितलं, कपाळाला हात लावला, "बरं नाहीये का रे तुला?" आणि उत्तराची वाट न बघता तूप लावलेली तिसरी पोळी ताटात. आता आईला सीसीके काय समजावणार, खाल्ली.

लग्नातल्या जिलब्यांचा डबा अजून फ्रीजमध्ये आहे. उद्या येणार असशील तर सकाळीच फोन कर, दुपारपर्यंत राहतील असं वाटत नाही.

तुझाच,
बंड्या