यशोगाथेतली मधली दोन वर्षंही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नोकरी सोडून स्वतःचा धंदा उभा करणाऱ्यांच्या यशोगाथा येतात. मी त्या आवडीने वाचतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका यशोगाथेचं कात्रण खिशात घडी घालून माझ्या दुकानात आला. बुटीबोरीला कंत्राटी कामावर आहे, पगार १४ हजार. म्हणाला, "सर, मी नोकरी सोडतो. तुम्हीपण सोडलीच ना?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण कात्रणात ते कुठेच नव्हतं.

मी हिंगणघाटला मोटार रिवायंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरतो. त्याआधी ११ वर्षं शिक्षक होतो. माझं डीएड २०११ ला झालं आणि शिक्षकभरतीची शेवटची सीईटी २०१० लाच होऊन गेली होती. पुढे टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली. १५० पैकी ९० हवे होते, मला ८७ पडले. दुसऱ्या खेपेला पास झालो. २०१७ च्या डिसेंबरातली शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी दिली, पण निवड झाली नाही. हा सगळा काळ एका विनाअनुदानित शाळेत ५ हजारांवर शिकवत होतो. अनुदान आलं की सगळं भरून निघेल, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि खरंच मानायचो.

२०२० मध्ये लॉकडाऊनमुळे शाळा बंद, पगारही बंद. ओळखीच्या एका काकांच्या रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन बसू लागलो. पहिले सहा महिने एक रुपया मिळाला नाही, नुसतं पाहिलं. शाळा उघडल्यावर सकाळी वर्ग आणि दुपारी दुकान असं चाललं. शाळा सोडली ती थेट जून २०२२ मध्ये. त्या वर्षाच्या सुरुवातीला कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. तो विकून आलेल्या पैशातून आम्ही आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला काढला. तो आकडा हवेतला नव्हता. बायकोने वर्षभराचा खर्च वहीत मांडला होता : किराणा, दोन लेकरांची फी, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, लग्नातले आहेर, तीन एकरांचं बियाणं. सरासरी महिन्याला ११ हजार. कर्ज मात्र पहिलं वर्ष काढलं नाही.

तरी एक चूक झालीच. आमच्या धंद्याचे हंगाम दोन. नोव्हेंबर ते मार्च हरभरा-गहू पाण्यावर असतो, व्होल्टेज पडतं, एखादा फेज जातो आणि मोटारी जळतात. त्यानंतर उन्हाळाभर कूलरचे पंप आणि पंखे. पावसाळ्यात दुकानात चिटपाखरू नसतं, आणि मी नेमका जूनमध्ये बाहेर पडलो! जुलै-ऑगस्ट मिळून २,८०० रुपये आले. महिन्याच्या पगाराची सवय असलेल्या माणसाला असे दोन महिने गेले की सगळं संपलं असंच वाटतं. पानठेल्यावर "मास्तर आता तार गुंडाळते" हे कानावर यायचं, तेही लागायचं.

जळालेली मोटार उघडली की आधी करपलेल्या वार्निशचा वास येतो. स्टेटरचे, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाचे, २४ स्लॉट (तार भरायच्या खाचा) काळे पडलेले असतात. जुनी तार उपटून टाकायची घाई करायची नसते. एकेका कॉइलचे वेढे मोजायचे, तारेचा गेज (जाडी) बघायचा, कॉइल कोणत्या स्लॉटातून निघून कोणत्या स्लॉटात गेली ते वहीत काढून ठेवायचं. ही नोंद चुकली की तार कितीही सफाईने भरा, मोटार घुमते, अँपिअर जास्त खाते आणि पुन्हा जळते. २०२२ च्या डिसेंबरात माझ्या हातून तसंच झालं. पाच एचपीच्या मोटारीत एका कॉइलचं कनेक्शन उलटं दिलं गेलं. विहिरीवर ती २० मिनिटं चालली. तारेचे साडेतीन हजार माझे गेले, पण त्या शेतकऱ्याचा हरभरा फुलावर होता आणि त्याच्या पाण्याच्या दोन पाळ्या गेल्या, हे मला जास्त जड गेलं. त्या रात्री मी घरी म्हणालो की परत शाळेत जातो. बायकोने वही काढली. "आपल्यापाशी अजून तीन महिन्याचं हाय. ते सरल्यावर बोलू." दुसऱ्या दिवशी मी तीच मोटार परत खोलली. मार्चपर्यंत घरखर्च दुकानातून निघू लागला.

आज बरं चाललं आहे, पण मी निर्धास्त नाही. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत १० टक्के रक्कम भरून (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के) ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप मिळतो आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे असते. वावरावावरात सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मोटारी कमी होणार हे उघड आहे, म्हणून सध्या सोलर पंपाच्या कंट्रोलरचं काम शिकतो आहे.

त्या पोराला मी नोकरी सोडू नको म्हटलं नाही, सोड असंही म्हटलं नाही. घरचा वर्षाचा खर्च लिहून आण म्हटलं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तिथे फुकट शिकवतात, राहणं-जेवणही फुकट, आणि त्यांच्या अभ्यासक्रमांत मोटार रिवायंडिंगचा महिनाभराचा कोर्स आहे. ही चौकशी आधी कर म्हटलं.

संपादक महोदय, यशोगाथा जरूर छापा. फक्त त्या माणसाला एवढं विचारा : किती महिने हातात पैसा नव्हता, तेव्हा घर कोणी चालवलं आणि कोणतं काम बिघडलं. दोन ओळी पुरतील. कात्रणं खिशात घेऊन फिरणारी पोरं त्या ओळी शोधत असतात.

पोरगा अजून बुटीबोरीलाच आहे. दर दुसऱ्या रविवारी बसने दुकानात येतो. मागच्या खेपेला त्याने पहिल्यांदा एक कॉइल स्वतः मोजली. ४० वेढे म्हणाला. मी मोजले तर ४१ भरले. तो पुन्हा मोजायला बसला आणि बस चुकली तरी उठला नाही.

कळावे,
एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा