चूक एका बिलापुरती नसते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुपरमार्केटमधून बाहेर पडताना बिल न बघताच पिशवीत कोंबायचं नाहीतर दारातल्या डब्यात टाकून द्यायचं ही सवय आपल्या सगळ्यांना लागलीये, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, गेल्या महिन्यात एक प्रकार घडला म्हणून आज लिहायलाच बसले.

झालं असं की अंगाच्या साबणाच्या रॅकवर पिवळं लेबल लावलेलं, तीन घेतले की चौथा फुकट. मी चार घेतले. काउंटरवर गर्दी होती, पैसे दिले आणि नेहमीसारखी ट्रॉली बाजूला एका खांबापाशी लावून बिल वाचायला लागले. चारही साबणांचे पूर्ण पैसे लावलेले, सवलतीची ओळच नाही. परत काउंटरवर गेले तर तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, सिस्टीममध्ये ऑफर दाखवतच नाहीये. मी म्हटलं चला, रॅकपाशी जाऊन बघू. तिने एका मुलाला सोबत पाठवलं. लेबल जिथल्या तिथे होतं, पण खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात तारीख, आणि त्या तारखेप्रमाणे ऑफर आदल्या रात्रीच संपलेली. म्हणजे सिस्टीममधून ऑफर वेळेवर निघाली पण रॅकवरचा कागद काढायचा राहिला. त्या मुलाने लेबल ओढून काढलं, मला एका साबणाचे पैसे परत मिळाले, विषय तिथेच संपला असता. पण मी त्याला सहज विचारलं, सकाळपासून किती जणांनी नेले असतील रे हे साबण? तो म्हणाला, ताई, सकाळपासून दुसऱ्यांदा रॅक भरलाय.

आणि तोवर एकाही माणसाने येऊन विचारलं नव्हतं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. दोन रॅक साबण गेले म्हणजे कितीतरी घरांत ते बिल गेलं आणि कुणाला पत्ता नाही.

पूर्वी वाणी कागदावर आकडे मांडून बेरीज करायचा तेव्हा चूक झाली तर ती एका गिऱ्हाइकापुरती असायची, पुढच्याची बेरीज पुन्हा नव्याने. आता तसं नाही. वस्तूवरच्या बारकोडमध्ये किंमत नसतेच हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यात असतो फक्त त्या वस्तूचा नंबर, बहुतेक वेळा 13 आकडी, आणि मशीन तो नंबर वाचून दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्यापुढे जी किंमत भरून ठेवलीये ती उचलतं. नंबर वाचण्यात सहसा घोळ होत नाही कारण शेवटचा आकडा आधीच्या 12 आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो, तो जुळला नाही तर मशीन बीपच करत नाही. घोळ होतो तो भरून ठेवलेल्या किमतीत. तिथे कोणी चुकीचा आकडा टाकला, किंवा भाव बदलला आणि रॅकवरचं लेबल बदललं नाही, की ती चूक प्रत्येक काउंटरवर प्रत्येक गिऱ्हाइकाला लागत राहते, जोवर कोणीतरी बोलत नाही तोवर. म्हणून मला वाटतं की आपण बिल तपासतो ते फक्त आपल्या पैशांसाठी नसतं, आपल्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांसाठीपण असतं.

बारकोड स्कॅन करून पहिली वस्तू विकली गेली ती 26 जून 1974 ला, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. इतकी वर्षं झाली तरी चुका संपलेल्या नाहीत. तिथल्याच सरकारी व्यापार आयोगाने 1998 मध्ये दुकानांची पाहणी केली तेव्हा साधारण 30 वस्तूंमागे एकीची किंमत चुकीची लागत होती, आणि ही सुधारलेली अवस्था, कारण 1996 च्या पाहणीत प्रमाण यापेक्षा जास्त होतं. त्यातही जास्त पैसे लागल्याच्या आणि कमी लागल्याच्या चुका जवळपास सारख्याच होत्या, म्हणून दुकानदार मुद्दाम लुबाडतात असं मी सरसकट म्हणणार नाही. तिथले वजनमाप खात्याचे लोक तपासणीला जातात तेव्हा 100 वस्तूंमध्ये 98 बरोबर निघाल्या तर दुकान पास. म्हणजे दोन चुका नियमातच धरलेल्या आहेत, त्या तुमच्या ट्रॉलीत आल्या तर बघणार कोण? कॅनडात मात्र 2002 पासून बऱ्याच मोठ्या दुकानांनी आपणहून एक नियम पाळायला घेतलाय, लेबलपेक्षा काउंटरवर जास्त किंमत लागली तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतची ती वस्तू गिऱ्हाइकाला फुकट. मला हे फार आवडलं, कारण मग चूक शोधायची काळजी दुकानालाच लागते.

तपासायला वेळ लागतो असं म्हणतात पण मी सांगते, दोन मिनिटं लागतात. सगळ्यात आधी मी बिलाच्या खाली छापलेले एकूण नग आणि पिशवीतले नग जुळवते, यातच अर्धं काम होतं कारण एकच वस्तू दोनदा स्कॅन होणं ही सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे, हात पटकन फिरतो आणि बीप दोनदा वाजतो. सारख्याच वस्तू जास्त असतील तर कॅशियर एक स्कॅन करून पुढे संख्या टाकतात, तिथे 2 चे 22 व्हायला कितीसा वेळ, आणि एकदा तर मला दोन वेगळ्या वासांच्या फिनेलच्या बाटल्या एकाच नावाखाली लागल्या होत्या, किमती वेगळ्या असताना. मग ऑफरवाल्या वस्तू, प्रत्येकीची सवलत खाली वजा झालीये का ते बघायचं, काही दुकानांत ती वस्तूखालीच दिसते आणि काहींत सगळ्यात शेवटी एकत्र, त्यामुळे घाई करून भांडायला जाऊ नये. वजनावर मिळणाऱ्या मालाचं वेगळं असतं, त्याच्या स्टिकरवरचा कोड दुकानातच छापतात, तो बहुतेक 2 ने सुरू होतो आणि त्यातच वजन किंवा रक्कम असते, म्हणजे काट्यावर चुकीचा माल निवडला किंवा डब्याचं वजन वजा केलं नाही तर काउंटरवरचं मशीन ते पकडूच शकत नाही. ते स्टिकर पिशवीवर लागतानाच वाचायचं.

आणि हे सगळं दुकानाच्या आतच करायचं. घरी गेल्यावर सापडलेली चूक सिद्ध करणं अवघड जातं. ऑफरचं लेबल दिसलं की मी मोबाईलवर फोटो काढून ठेवते, तारखेसकट. बिलाचाही फोटो काढते, कारण ते थर्मल कागदावर असतं, त्यात शाई नसतेच, कागदावरचा थर गरम होऊन काळा पडतो, त्यामुळे उन्हात किंवा गाडीत राहिलं तर सगळंच काळं होतं, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलं तर अक्षरं उडतात. वॉरंटीच्या वस्तूचं बिल असं कोरं होऊन माझं एकदा नुकसान झालंय.

कॅशियरवर मात्र कृपा करून ओरडू नका. किंमत ती मुलं भरत नाहीत, तासन् तास उभी असतात, आणि दिवसभर चुकांबद्दलचं बोलणं तेवढं त्यांच्या वाट्याला येतं. शांतपणे बिलावरच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की बहुतेक वेळा लगेच दुरुस्त करून देतात. फक्त पैसे परत घेऊन गप्प निघू नका, सिस्टीममध्ये किंवा रॅकवर पण दुरुस्त करा असं आवर्जून सांगा. आणि कमी लागलं असेल तरी सांगा. ट्रॉलीच्या तळाशी राहिलेली बादली एकदा माझ्याकडून स्कॅनच झाली नव्हती, बाहेर पडायच्या आधी लक्षात आलं, मी परत जाऊन पैसे भरले. हक्काने विचारायचं असेल तर हिशेब दोन्हीकडून चोख पाहिजे.

लोकांना खरी अडचण वेळेची नाहीच, लाजेची आहे. बिल वाचत उभं राहिलं की मागचे बघतात, घरचे म्हणतात चल ना आता, एवढ्याशा पैशांसाठी काय. अहो पण तेवढेसे पैसे ज्याला महिन्याचा हिशेब जुळवताना नाकीनऊ येतात त्याच्याकडूनही जातात, आणि तो तर बिचारा विचारायला अजूनच कचरतो.

दुकानदारांकडे आपल्या पेपरमधून माझी एवढी विनंती पोचवा. बिलावर वस्तूंची नावं कळतील अशी छापा, चार अक्षरांत तोडून टाकलेल्या नावावरून साबण कुठला आणि शाम्पू कुठला हे छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ऑफर संपल्यावर रात्रीच लेबलं काढायला माणूस नेमा. आणि काउंटरच्या पुढे, वाटेत न येईल अशा जागी, एक साधं टेबल ठेवा जिथे पिशवी टेकवून, चष्मा लावून माणसाला निवांत बिल वाचता येईल.

आपली,
एक नियमित वाचक