रविवारी शाळेची किल्ली मिळावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साने गुरुजींच्या ११ जूनच्या स्मृतिदिनाचा फोटो आपल्या अंकात पाहिला. तसबिरीला हार, व्यासपीठावर सहा पाहुणे, समोर उन्हात मुलं. त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचंय ते रविवारांबद्दल.

मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. गुरुजींचं जन्मगाव पालगड आमच्याच दापोली तालुक्यातलं. गुरुजींच्या पश्चात प्रकाशभाई मोहाडीकरांनी मुलांना गोष्टी सांगण्यासाठी कथामाला सुरू केली आणि गावोगाव तिची केंद्रं निघाली. आमच्या वाडीतलं केंद्र दर रविवारी भरतं, १४ वर्षं चालू आहे. चालवणारे आम्ही तिघं: मी, एक आशाताई आणि बारावीतला एक मुलगा, जो पूर्वी समोर बसून ऐकायचा. हजेरीची वही मी ठेवतो, हात शिवशिवतात त्याला काय करणार! लावणीच्या दिवसांत ९-१० मुलं, एरवी २५-३०. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं आली की बसायला जागा उरत नाही.

गोष्ट वाचून दाखवायची नाही, सांगायची, एवढा एकच नियम. पुढच्या रविवारी तीच गोष्ट एखाद्या मुलाने आपल्या पद्धतीने सांगायची. एकीने राक्षसाला दापोली-खेड गाडीत बसवला आणि सुट्टे नाहीत म्हणून मी त्याला मधेच उतरवला. अमळनेरला गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. आम्हाला रोज जमत नाही, महिन्याला दोन पानं निघतात.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळं शाळेच्या वर्गात चालायचं. मग खिडकीची एक काच फुटली. आम्ही भरून दिली, पण किल्ली मिळणं बंद झालं. अर्ज केला तर ‘वरून परवानगी आणा’. वर गेलो तर ‘हा तुमच्या शाळेचा प्रश्न’. तेव्हापासून देवळाच्या सभामंडपात बसतो. देवस्थानवाल्यांनी मोठ्या मनाने जागा दिली, सतरंजीही दिली.

पण मोहल्ल्यातल्या दोन बहिणी यायच्या बंद झाल्या. कोणी त्यांना नको म्हटलेलं नाही. त्यांच्या आईला विचारलं तर म्हणाली, “भाऊ, शाळेत होतं तेव्हा मी दोघींना वेणीफणी करून स्वतः पाठवायची. आता कसंतरीच वाटतं.” धाकटी राक्षसाची गोष्ट सांगणारी. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी कित्येक दिवस उपाशी राहिले. त्यांच्या नावाची कथामाला देवळात भरते आणि दोन मुली घरी बसतात, हे मला रविवारी घशाखाली उतरत नाही. आमच्या वाडीत सगळ्या घरांतली पोरं न बिचकता जिथे जातात, अशी जागा एकच, शाळा. नेमकी तिला रविवारी कुलूप.

शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी कोणी बोलावत नाही. झाडू आम्ही मारू, काच फुटली तर भरू, हवं तर तसं लिहून देऊ. शाळा व्यवस्थापन समित्यांनी एक वर्ग दहा ते बारा उघडू द्यावा, एवढंच मागणं.

किल्ली साडेबाराला परत मिळेल. ३१ वर्षं रोजची रोकड डेपोत जमा केली आहे, एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही.

आपला,
एक निवृत्त वाहक
ता. दापोली, जि. रत्नागिरी