आजींची मोची

उजी, जपान, डिसेंबर

प्रिय सुमे,

आम्ही सगळे मजेत. थंडी कडाक्याची आहे, ह्यांचा खोकला गेला, माझी टाच आता दुखत नाही. तब्येतीचं पुराण संपलं.

आता जे लिहायला बसलेय ते. इथे हे कुणाशी बोलावं तेच कळत नाही, कारण गोड बंद झाल्यावर श्रीखंडाच्या वाटीकडे बघणारे अण्णा इथल्या कुणी पाहिलेले नाहीत. ते तू पाहिलेस आणि मी पाहिले.

शेजारच्या आजींना डॉक्टरांनी मोची, म्हणजे चिकट तांदळाचे ते मऊ, ताणले जाणारे गोळे, खायची बंद केली. गिळताना सारखा ठसका लागायचा, म्हणून तपासणी झाली. परवा त्यांच्या लेकीने मला दारातच गाठलं, कमरेत वाकून विनवलं की आईला आता मोची देऊ नका. मी शब्द दिला. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आजी शिरातामाकोचं, म्हणजे मोचीच्या पिठाचं, पाकीट हातात धरून माझ्या ओट्यापाशी हजर! म्हणे, आज हिरवी करू या.

तुला ते पीठ एकदा दाखवायला हवं. चिकट तांदूळ भिजवून पाण्यातच दळतात, मग वाळवतात, त्यामुळे त्याचे खडबडीत पांढरे कण असतात. आजी ते गार पाण्यात बोटांनी मोडतात, एकही कण राहू देत नाहीत. १०० ग्रॅम पिठाला १५० मिली पाणी, ६० ग्रॅम साखर आणि माचाचे, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचे, दोन सपाट चमचे. माचा आधी साखरेत चाळून घ्यायचा, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. घरोघरी आता हे मायक्रोवेव्हमध्येच करतात, पण आजींचा जीव जडलाय तो माझ्या मोदकपात्रावर. आईने दिलेलं तेच, ज्याच्या झाकणाला तू पोचा पाडलास आणि नाव बंड्याचं सांगितलंस. त्यात ओलं फडकं घालून वाफवायचं, मग पातेल्यात काढून ओल्या लाकडी उलथण्याने घोटत राहायचं. आधी ते फिक्कट, पिठूळ दिसतं. घोटता घोटता एकदम पारदर्शक होतं, रंग गडद होतो आणि उलथणं वर उचललं की गोळा सोबत ताणत येतो. हात भाजतो, पण गरम असतानाच बटाट्याच्या स्टार्चवर टाकून तुकडे करावे लागतात आणि आत अझुकीचं, म्हणजे इथल्या लाल कडधान्याचं, गोड सारण भरून तोंड मिटावं लागतं. आजींचा अंगठा हे असं करतो की शिवण सापडत नाही. माचाही साधासुधा नसतो त्यांच्याकडे. चहाची झाडं तोडणीआधी तीनेक आठवडे झाकून ठेवतात, म्हणून पान इतकं हिरवं आणि चवीला मऊ होतं. त्या झाकलेल्या मळ्यांत आजींनी लग्नाआधी पानं खुडली आहेत. आजही डबा उघडला की आधी वास घेतात, मग चमचा घालतात.

तर आठ मोची झाल्या. आजींनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, आजी, मी तुमच्या लेकीला शब्द दिलाय. त्या काही बोलल्या नाहीत. सगळ्या डब्यात भरल्या, माझ्या मुलांसाठी ठेवल्या आणि ओटा पुसून घरी गेल्या. सुमे, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं!

तू म्हणशील, आता कळलं का. नाही गं, ते भांडण मी अजून सोडलेलं नाही. तू अण्णांना चोरून श्रीखंड द्यायचीस ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्यापायी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तू माझ्याशी बोलली नव्हतीस आणि पद्मामावशीला तिळगूळ घेऊन मध्ये पडावं लागलं होतं. पण रक्तातल्या साखरेला निदान वेळ मिळतो, औषधाचा डोस कमी-जास्त करता येतो. मोची घशात बसली तर हातात काही मिनिटंच असतात. गरम असताना ती मऊ लागते, तोंडात निवली की घट्ट होते आणि जास्त चिकटते. दर जानेवारीत म्हातारी माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. तोक्योचं अग्निशमन दल दर वर्षी बजावतं की लहान तुकडे करा, आधी घोटभर पिऊन घसा ओला करा, सावकाश चावा. आजींना तर साधा चहाही ठसकतो, लेक त्यात घट्ट करायची पावडर घालते. माचाच्या त्या भक्ताला असा चहा पिताना बघवत नाही.

खरी धास्ती वेगळीच आहे. नव्या वर्षाच्या एक तारखेला इकडे पांढऱ्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या, रश्श्यात गोल मोची घालून झोनी करतात. लेकीची त्या दिवशी ड्यूटी आहे. दुकानात मोचीची पाकिटं रचून ठेवलीत आणि आजींचे पाय अजून शाबूत आहेत. माझ्यासमोर नाही मिळाली, तर दार लावून एकट्या खातील, आणि भिंतीपलीकडे मला काही कळणारसुद्धा नाही. तू अण्णांच्या बाबतीत हेच म्हणाली होतीस ना, की मी दिलं नाही तर ते स्वतः फ्रीज उघडतील? हे तुझं वाक्य रात्रभर डोक्यात फिरतंय.

पाण्याऐवजी रेशमी तोफूत पीठ मळून पाहिलं. मोची मऊ होते, पटकन तुटते, चव छान, पण आजींना ती द्यायची हिंमत मला होत नाही. गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी खास मऊ मोची तयार मिळते, ती आणून ठेवली आहे. उद्या लेकीला सगळं सांगणार, पाकीट दवाखान्यात दाखवून विचारून घे म्हणणार. आणि एक तारखेला दोघींनी आमच्याकडेच जेवावं, ड्यूटी संपल्यावर का होईना. आजींच्या पाठीमागे काही ठरवायचं नाही, हे मात्र नक्की. त्यांच्यासमोर बोलणार.

तू मला एकच खरं सांग. तू चोरून देतेस हे घरात सगळ्यांना माहीत होतं, हे अण्णांना कळलं होतं का? आणि कळल्यावर श्रीखंड त्यांना तेवढंच गोड लागत होतं का? हे मी तुला कधी विचारलं नाही, भांडणाच्या भरात राहूनच गेलं.

चिनूची दहावी कशी चाललीय? तिच्यामागे फार लागू नकोस, तुझे भूमितीचे मार्क मला पाठ आहेत. गच्चीची गळती थांबली का? नव्या सोसायटीवाल्यांना लेखी द्या, तोंडी काही होत नाही.

पीठ आणि माचा येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. मोदकाच्या पिठीवर प्रयोग करू नकोस, आंबेमोहराला तो ताण येत नाही. केलेली मोची फ्रीजमध्ये ठेवू नकोस, कडक होते. त्याच दिवशी संपव. लहान तुकडे करून खा, आणि सासूबाईंना देऊ नकोस, त्या रागावल्या तरी. उत्तर एक तारखेच्या आत हवंय.

तुझी,
मंदी